रिकाम्या पेवाचें कौतुक

मराठी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत एक शब्द असा आहे कीं, त्याच्यावांचून संपादकांचा एक आठवडाही जात नाहीं. खाजगी शिकवण्यांचें पेव फुटतें, अनधिकृत बांधकामांचें पेव फुटतें, पुरस्कारांचें पेव फुटतें. निवडणुका जवळ आल्या म्हणजे नव्या पक्षांचें तर फुटतेंच फुटतें. आमच्या वर्गांत आम्हीं एकदां सहज विचारलें कीं, हें जें नित्य फुटत असतें तें पेव म्हणजे काय? एकानें वारूळ म्हटलें, दुसऱ्यानें मधमाशांचें पोळें म्हटलें, आणि एका विद्यार्थिनीनें, तिच्या दृष्टीनें अगदीं तर्कशुद्ध रीतीनें, ती एखादी सांथ असावी असें सुचविलें. यांत मुलांना हंसण्यासारखें कांहीं नाहीं. वस्तु गेली म्हणजे तिचा शब्द असाच पोरका होऊन भटकूं लागतो व भलत्याच्या दाराशीं जाऊन उभा राहतो. जिचा सगळा गुण न फुटण्यांत, महिनोन्‌महिने तोंड मिटून राहण्यांत होता, त्या वस्तूचें नांव आज भाषेंत केवळ उधळलेल्या गर्दीपुरतें उरलें आहे.

परंतु शब्दापेक्षां वस्तूची दशा अधिक वाईट आहे, व आम्हांला भांडावयाचें आहे तें तिच्यासाठीं. ज्या सुशिक्षित कुटुंबांकडे गांवीं अद्यापि वडिलोपार्जित जमीन आहे, त्यांच्या मळ्यांत किंवा पडक्या वाड्याच्या चौकांत एखादें पेव अर्धें बुजलेलें, अर्धें उघडें असण्याचा पुष्कळ संभव आहे. सोलापूर, सांगली, सातारा, नगर या बाजूला तर विशेषच. अशा पेवाचें करावयाचें काय, यावर घरोघर दोन पक्ष पडलेले आम्ही पाहतों. पहिला पक्ष म्हणतो, बुजवून टाका; पोरेंबाळें पडतील, गुरें पडतील, आणि उद्यां जागा विकावयाची झाली तर गिऱ्हाईक पहिलें बोट याच खड्ड्याकडे दाखवील. दुसरा पक्ष म्हणतो, छे, सजवा. तोंडावर जाड कांच बसवा, आंत विजेचा दिवा सोडा, शेजारीं पाटी लावा, आणि हुरड्याला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवा. पहिला पक्ष अरसिक व दुसरा रसिक, असें सामान्यतः समजण्यांत येतें. आमचें मत असें आहे कीं, हे दोघेही पेवाचे सारखेच शत्रु आहेत. पहिला त्याला माती देतो, दुसरा त्याचा सांगाडा पेटींत ठेवतो, इतकाच काय तो भेद. पेवाचा जीर्णोद्धार एकाच रीतीनें होतो: तें पुन्हां भरावें लागतें.

प्रथम वस्तु काय होती तें सांगणें अवश्य आहे. कणगी, कोठी, बळद हीं सगळीं जमिनीवरचीं साधनें. घरांतल्या बायकांनीं रोज हात घालावा अशीं. तळघराला पायऱ्या असतात, झरोका असतो. पेवाला यांतलें कांहींच नसतें. तें रांजणाच्या आकाराचें, भुईंत खणून काढलेलें पोट आहे: तोंड माणूस जेमतेम उतरेल इतकें अरुंद, मध्यें फुगीर, तळाशीं पुन्हां किंचित् आवळलेलें. जागा हेरण्यांतच निम्मी विद्या असे. काळ्या जमिनींत पेव घेत नसत, कारण काळी जमीन पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि दोन्हीं वेळां पेवाच्या भिंतीचा घात करते. गांवाची पांढरी, घट्ट मुरूम, पाणी न धरणारी उंचवट्याची जागा पाहून तेथें खणीत. मग भिंती शेणमातीनें लिंपून वाळवावयाच्या, तळाला व कडेनें कडबा, वाळलेला पाला, चटया यांचें अस्तर द्यावयाचें, आणि उन्हांत खडखडीत वाळवलेलें धान्य ओतावयाचें. दाणा दांताखालीं कट्‌कन् फुटला पाहिजे. चिवट लागला तर तें धान्य त्या दिवशीं पेवांत जात नसे, मग मालक कितीही घाईंत असो. शेवटीं तोंडावर दगडी फरशी, फरशीवर चिखल, आणि चिखलावर मातीचा उंच ढीग, म्हणजे पावसाचें पाणी दोन्हीं अंगांनीं वाहून जावें. इतकें झालें कीं, पेव आहे असें नवख्याच्या ध्यानींही येत नसे. पेंढाऱ्यांच्या धाडींच्या काळांत हा गुण लहान नव्हता, व गवती छपरांच्या गांवीं आगीच्या दृष्टीनें तर मुळींच नव्हता.

आंत पुढें जें घडतें तें आमच्या मतें ग्रामीण बुद्धीचें एक उत्कृष्ट उदाहरण आहे. दाणा जिवंत असतो. तो श्वास घेतो. त्याच्याबरोबर आंत गेलेले कीडमुंगीही श्वास घेतात. भिंतीला टेंकलेल्या पातळ थराला मातीची ओल लागते, तो थर अंकुरूं लागतो आणि सर्वांहून अधिक प्राणवायु खातो. तोंड बंद असल्यामुळें नवी हवा येत नाहीं. थोड्याच दिवसांत आंतला प्राणवायु संपत येतो, कर्बवायु सांचतो, कीड गुदमरून मरते, आणि दाण्याचा श्वास इतका मंद होतो कीं, धान्य जणूं झोपीं जातें. कडेचा तो थर काळवंडून वायां जातो, हें खरें. पण तो वायां जाऊन आंतल्या सगळ्या राशीला वांचवितो. औषध नाहीं, धुरी नाहीं, वीज नाहीं. हें सर्व रसायनशास्त्र पेव घेणाऱ्याला त्या शब्दांत ठाऊक नव्हतें. पण फरशीच्या सांध्याला चिखल कमी पडला तर पोरका डल्ला कीड मारते, हें त्याला पक्कें ठाऊक होतें, आणि काम चालण्यास तेवढें पुरेसें होतें.

या विद्येची सर्वांत मोठी पेठ म्हणजे सांगलीजवळचें हरिपूर. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचें हें गांव. येथें पेवांत धान्य नव्हे, हळद भरीत. शिजवून, वाळवून, घांसून तयार केलेलें हळकुंड म्हणजे मुळांत जमिनीखालचा कंदच. तो वर काढावा, संस्कार करावा आणि पुन्हां भूमीच्या पोटांत ठेवावा, हा योग मोठा मौजेचा आहे. तेथील मातीचा थर चांगलाच जाड व चिवट, म्हणून वीस-पंचवीस फूट खोल पेवें घेतां येत. शेतांतून, घरांच्या आवारांतून अशीं पेवें असत, आणि पेवांचे मालक व्यापाऱ्यांकडून भाडें घेत. पेवांतली हळद वर्षानुवर्षें किडत नाहीं, व तिचा रंगही टिकतो, अशी तिची ख्याति. सांगलीची हळदपेठ देशांत नांवाजली ती कांहीं केवळ अडत्यांच्या हुशारीनें नव्हे. तिच्या पायाखालीं हीं पेवें होतीं. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालें तेव्हां अभिनंदनाच्या सभा झाल्या, त्या योग्यच झाल्या. पण तोंवर पेवांची निम्मीशिम्मी कथा संपलेली होती. २००५ च्या महापुरांत कृष्णेचें पाणी पेवांत शिरलें, आंतली हळद कुजली, भिंती ढासळल्या. आणि ज्यांनीं एकदां तो वास घेतला त्यांनीं पुन्हां त्या तोंडाची फरशी उचलली नाहीं. माल शीतगृहांत व गुदामांत जाऊं लागला. २०१९ चा पूर आला तेव्हां बुडण्याजोगीं पेवेंच थोडीं उरलीं होतीं.

येथें पहिल्या पक्षाचे लोक आम्हांला अडवून म्हणतील, "झालें तर! कालानें निकाल दिला." कालानें निकाल दिला हें वाक्य आम्हांला फार आळशी वाटतें. नदीकांठच्या खोलगट जागीं पेव ठेवूं नये एवढाच तो निकाल आहे, व तो जुन्यांनाही मान्य होता. पूर येतो म्हणून जो शहाणा माळरानावरचें पेवही बुजवितो, त्यानें किनाऱ्यावरचीं घरें वादळांत पडतात म्हणून पुण्यांतील आपलें घरही पाडावें.

जुनेपणाचा दाखलाच हवा असेल तर तोही आहे. शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. तीन हजार वर्षांहून जुन्या त्या वसाहतींत मातीच्या घरांबरोबर जमिनींत खणलेलीं धान्यकोठारेंही निघालीं. म्हणजे मराठी भाषा जन्मास येण्यापूर्वीं येथें पेव होतें. रोमन ग्रंथकार व्हॅरो यानें शेतीवरच्या आपल्या पुस्तकांत भूमिगत खड्ड्यांत ठेवलेला गहूं पन्नास वर्षें टिकतो असें लिहून ठेविलें आहे. पन्नासाचा आंकडा वाचकांनीं हवा तर निम्मा करून घ्यावा. ग्रंथकार आणि शेतकरी दोघेही साठ्याबद्दल बोलतांना हात सैल सोडतात. माल्टा बेटावर फ्लोरियाना येथें दगडी झांकणांच्या भूमिगत कोठारांच्या रांगा आजही दिसतात. आणि १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत हॅम्पशायरमध्यें पीटर रेनॉल्ड्स या संशोधकानें लोहयुगीन पद्धतीचे खड्डे खणून, त्यांत खरेंच धान्य भरून, हिंवाळा काढून दाखविला. कडेच्या पातळ थराशिवाय बाकीचें धान्य उत्तम निघालें. लक्षांत घ्यावें कीं, त्यानें खड्ड्यावर कांच बसविली नाहीं. त्यानें खड्डा भरला, आणि म्हणूनच त्याला त्याविषयीं कांहीं कळलें.

याहून बोंचरी गोष्ट पुढेंच आहे. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनीं कॅमेरूनमधील शेतकऱ्यांच्या चवळीसाठीं १९८० नंतरच्या दशकांत एक युक्ति काढली: जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या एकींत एक घालून, तोंड घट्ट बांधून, हवा कोंडावयाची. कीड आंतल्या आंत मरते. ही युक्ति चांगली आहे, गरिबाला परवडणारी आहे, आणि तिचा प्रसार व्हावा असेंच आम्हांला वाटतें. पण आमच्या परिचयाचे एक गृहस्थ तशाच हवाबंद पिशव्यांवर अर्धा तास व्याख्यान देऊन, त्याच बैठकींत आपल्या मळ्यांतलें पेव मुरूम टाकून बुजविण्याचा हिशेब सांगूं लागले, तेव्हां मात्र आम्हांला राहवेना. तत्त्व तेंच, पण प्लॅस्टिकवर परदेशी विद्यापीठाचा शिक्का असला तर तें विज्ञान, आणि भिंतीला आजीचें शेणसारवण असलें तर तें मागासलेपण! इंग्रजी शिकलेल्या आपल्या वर्गाची ही खोड जुनी आहे. आम्हीही त्याच वर्गांतले, त्याच भाषेच्या पदवीवर पोट भरणारे, म्हणून तर तिची ओळख आम्हांला चटकन् पटते.

बुजविणाऱ्या पक्षाचा खरा बलवान् मुद्दा पुराचा नाहीं. तो वायूचा आहे, व त्याला टाळून जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. पेव माणसें मारतें. जो कर्बवायु किडीला मारतो तो माणसालाही सोडीत नाहीं. तो हवेपेक्षां जड, तळाशीं बसून राहणारा, डोळ्यांना न दिसणारा. फरशी उचलून लगेच उतरलेला मनुष्य दोन श्वासांत कोसळतो, त्याला काढावयास उतरलेला दुसरा त्याच्यावर कोसळतो, आणि एका पेवानें एकाच घरचे दोघे नेल्याच्या गोष्टी या प्रांतांत ऐकूं येतात. म्हणून पेव उघडल्यावर तें बराच वेळ तसेंच ठेवीत, आंतली हवा हालवीत, मग दोरीनें कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर कोणी उतरत नसे. आम्ही येथें स्पष्ट सांगतों कीं, आज हा कंदील पुरेसा समजूं नये. दिवा जळत असतांनाही कर्बवायूचें प्रमाण माणसाला घातक असूं शकतें. आज वायु मोजण्याचें यंत्र मिळतें, हवा आंत लोटणारा पंखा मिळतो, कमरेला बांधावयाचा पट्टा व वर ओढावयाची कप्पी मिळते. हीं सर्व असल्याखेरीज आणि वर दोन माणसें उभीं असल्याखेरीज कोणालाही पेवांत उतरवूं नये, आणि हा खर्च करण्याची ज्याची तयारी नसेल त्यानें पेव खुशाल बुजवावें. आम्ही त्याला नांवें ठेवणार नाहीं.

परंतु ज्यांना या वायूचें इतकें भय वाटतें, त्यांच्या घरांत धान्य कशानें राखिलें जातें हेंही पाहावें. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या! माजघरांत पोत्यांच्या थप्पीला ताडपत्री पांघरून त्या ठेवावयाच्या, आणि भिंतीपलीकडे लेंकरें निजवावयाचीं. त्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फीन वायु झोपेंतल्या माणसांना कसा घेऊन जातो, हें वर्तमानपत्रें मधून मधून छापतात. त्या बातम्यांनंतर गोळ्या बुजवून टाका असें मात्र कोणी म्हणत नाहीं. पेवाचा धोका निदान घराबाहेर, फरशीखालीं, एका जागीं बसून असतो, व वर्षांतून फार तर दोनदां जागा होतो.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. हा पक्ष आमच्या अधिक जवळचा. सुसंस्कृत, वाचणारा, जुन्या भांड्यांवरून हात फिरविणारा. एका कृषिपर्यटन केंद्रांत आम्हीं असें सजविलेलें पेव पाहिलें. तोंडाभोंवतीं घडीव दगडांचें कडें, आंत पिंवळा दिवा, तळाशीं शोभेसाठीं ठेविलेलीं चार मडकीं. पेवांत मडकीं कशासाठीं, हा प्रश्न तेथें विचारणें असभ्यपणाचें झालें असतें. पाटीवर पूर्वजांच्या दूरदृष्टीचा गौरव होता. कांचेवर आंतून वाफ धरली होती, कारण बिचाऱ्या जमिनीला आपण वस्तुसंग्रहालयांत आहोंत हें कळत नाहीं, ती ओल सोडतच राहते. आणि कडेचें सारवण पोपडे धरून गळत होतें. भरलेल्या पेवाची दर सालीं झाडलोट होते, लिंपण होतें, भेग दिसली कीं बुजविली जाते, कारण शंभर पोतीं तिच्यावर अवलंबून असतात. शोभेच्या पेवावर कांहींच अवलंबून नसतें. म्हणून आम्ही म्हणतों कीं, हा पक्ष पेवाला हळूहळू मारतो, आणि मारतांना त्याचीं छायाचित्रें काढतो.

शिवाय त्या पाटीवरचे पूर्वज कोणाचे? पेव खणणारे, आंत उतरून अस्तर लावणारे, कंदील विझतो कीं काय म्हणून छातींत धडधड घेऊन उतरणारे लोक पेवाच्या मालकाच्या घरचे क्वचितच असत. ते मजूर होते, हमाल होते. त्यांची नांवें कोणत्याही पाटीवर नाहींत. आणि पेवाचा मालकही नेहमीं शेतकरीच असे असें नाहीं. दख्खनच्या खेड्यांत भरलेलीं पेवें अनेकदां सावकाराचीं असत, आणि त्यांतला जोंधळा ज्यानें पिकविला तोच उन्हाळ्यांत सवाईनें वा दिढीनें तोच जोंधळा उसना आणीत असे. १८७५ सालीं सुपें येथें दंगा उसळला तेव्हां लोकांचा रोख कर्जरोख्यांवर होता. पण ते रोखे लिहून घेतले गेले त्यांत पोटाला धान्य नसणें हें एक मोठें कारण होतें. त्यानंतर एकाच वर्षानें १८७६ चा दुष्काळ आला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा मराठी माणसानें इतकीं शतकें जपली, ती त्यांनीं धान्य सांठविलें म्हणून नव्हे. दुष्काळांत बादशहाचीं कोठारें त्यांनीं उघडलीं म्हणून. पेवाचें कौतुक करणाऱ्यानें हा हिशेब डोळ्यांआड करूं नये.

आमच्या आग्रहाचें कारण याच हिशेबांत आहे. सुगीला भाव पडतो, हें कळावयाला अर्थशास्त्राची पदवी लागत नाहीं. सगळ्यांचा माल एकाच पंधरवड्यांत बाजारांत येतो, व्यापारी हात आंखडतो, आणि ज्याच्याकडे माल ठेवावयाला जागा नाहीं तो पडेल त्या भावानें मोकळा होतो. जागा असणें म्हणजे "आज देत नाहीं" असें म्हणतां येणें. सरकारी वखारी आहेत, त्या असाव्यात, अधिक व्हाव्यात. परंतु दहा-पंधरा क्विंटल जोंधळ्याच्या धन्याला तालुक्याची वखार म्हणजे दोनदां गाडीभाडें, दोनदां हमाली आणि एक दिवसाची मजुरी. त्याच्या मळ्यांत बापजाद्यांनीं खणून ठेविलेलें, ज्याला भाडें नाहीं, वीज नाहीं, असें कोठार आयतें आहे. आणि त्याचा शहरांत राहणारा सुशिक्षित भाऊ दिवाळीच्या सुटींत येऊन त्याला सांगतो कीं, तें बुजव, नाहीं तर त्याच्यावर कांच बसव. हा सल्ला फुकट दिला जातो, पण तो शेतकऱ्याला फार महाग पडतो.

हें आम्ही ऐकीव माहितीवर लिहीत नाहीं. भीमेपासून चांगलें दूर, उंच माळाच्या कडेला आमच्या घराण्याचा मळा आहे व त्यांत एक पेव आहे: तोंड दोन फूट, खोली चौदा फूट, पोटाची रुंदी आठ फूट, शंभर पोत्यांच्या आंतबाहेर जोंधळा मावेल असें. आमच्या वडिलांच्या आठवणीप्रमाणें १९७२ च्या दुष्काळांत, जेव्हां गांवोगांव परदेशांतून आलेला तांबडा मिलो लोक नाक मुरडीत खात होते, तेव्हां या पेवांतला आदल्या सालचा मालदांडी जोंधळा आमच्या घरीं व वाट्यानें चार घरीं गेला. त्याला पेवाचा वास येई. भाकरी थापतांना आजी तो वास घालविण्यासाठीं पीठ आधीं उन्हांत पसरीत असे. पुढें विहिरीला पाणी लागलें, ऊंस आला, जोंधळा मागें सरला, आणि पेवांत पालापाचोळा साचत गेला.

गेल्या दोन उन्हाळ्यांत आम्हीं तें पुन्हां कामास आणलें. घरांत अर्थातच दोन्हीं पक्ष होते. पुतण्यानें विचारलें, "काका, यांत कुणी गेलं म्हणजे? तुम्ही पुण्याला असणार, पोलिसांना तोंड कोण देणार?" प्रश्न रास्त होता. म्हणून पहिला खर्च यंत्राचा, पंख्याचा, पट्ट्याचा व कप्पीचा झाला. तो शेणमातीच्या खर्चाच्या कितीतरी पट होता. उतरावयाचें कसें हें दाखविण्यास गांवांतले एक वृद्ध गृहस्थ आले, ज्यांचे वडील आमच्या पेवाचें अस्तर लावीत. ते स्वतः उतरले नाहींत, वयच नाहीं, फरशी काढल्यावर आमचा उत्साह पाहून एवढेंच म्हणाले, "घाई करूं नका सर. आधीं त्याला वारा खाऊं द्या. त्यानं लई दिवस श्वास घेतला न्हाई." पहिला दिवस आम्ही नुसते बसून होतों. यंत्रानें हवा निर्धोक दाखविली ती दुसऱ्या दिवशीं, पंखा लावल्यावर. मग कचरा निघाला, त्यांत एक फुटका कंदीलही निघाला. भिंतीला दोन भेगा होत्या, त्या चिवट मातीनें भरल्या. वैरण जाळून भिंती शेकल्या, व धूर पुरता निघून हवा पुन्हां मोजल्याशिवाय कोणी उतरलें नाहीं. सारवणाचे तीन हात झाले. पहिल्या वर्षीं परीक्षेपुरतीं वीसच पोतीं भरलीं, तीं सहा महिन्यांनीं काढलीं. कडेचीं मिळून एक पोतें काळें पडलें, तें गुरांनाही घातलें नाहीं, खतांत टाकलें. बाकीच्या जोंधळ्यांत कीड नव्हती. बियाणें मात्र आम्ही पेवावर सोडलें नाहीं. तें पूर्वींच्या रीतीनें राख घालून मडक्यांत वेगळें ठेविलें.

या वर्षीं सत्तर पोतीं आंत आहेत, व त्यांतलीं निम्मीं आमचीं नाहींत. शेजारच्या तीन लहान शेतकऱ्यांचा माल आम्हीं भाड्याशिवाय ठेविला आहे, आणि कोणाचीं किती पोतीं तें घरांतल्या वहींत नव्हे, चौघांच्या सह्यांनीं चार कागदांवर लिहिलें आहे. पेवाची फरशी चौघांच्या संमतीशिवाय उठावयाची नाहीं, असें ठरलें आहे. पुतण्याला हें कलम सर्वांत पसंत पडलें. त्यामुळें पोलिसांना तोंड देणारे चौघे झाले, असें तो म्हणतो.

ज्या वाचकांच्या मळ्यांत वा वाड्यांत पेव असेल त्यांनीं तें भरावें कीं नाहीं हें पाणी, माती व पूर पाहून ठरवावें. पण बुजविण्यापूर्वीं निदान एवढें तरी लिहून ठेवावें: तोंड किती, खोली किती, माती कसली, शेवटचें कोणत्या सालीं भरलें, कशानें भरलें, फरशी कोणीं उचलली, आणि आंत कोण उतरत असे. यांपैकीं शेवटच्या प्रश्नाचें उत्तर घरांत मिळणार नाहीं; त्यासाठीं गांवांत चार घरें फिरावें लागेल, आणि तीं घरें विचारावयाची माणसें आतां पंचाहत्तरी ओलांडलेलीं आहेत.